घाट उतरून बोटीवर कामाला जाताय? आगीचं एवढं शिकून जा

म्हादई आमच्या खानापूर तालुक्यातल्या देगावाजवळ उगम पावते आणि खाली गोव्यात उतरली की तिचीच मांडवी होते. आमची पोरंही तशीच जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटातून खाली जातात. कुणी हॉटेलात लागतं, कुणी बोटीवर. मी 14 वर्षं मांडवीकाठी पर्यटकांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त केली. आता बेळगावच्या उद्यमबागेत माझं फायबरचं लहान वर्कशॉप आहे. दिवाळीनंतर भाचा बोटीवर लागतोय. परवा त्यानं विचारलं, "मामा, बोट पाण्यातच हाय की, मग ती जळतीय कशी?" त्याला वर्कशॉपमध्ये बसवून जे सांगितलं तेच इथं लिहितोय.

त्याला मी आधी एक डबा दाखवला. रेझिनमध्ये, म्हणजे फायबर ज्यानं चिकटवतात त्या चिकट द्रवात, ते घट्ट करणारा हार्डनर घालून उरलेलं मिश्रण डब्यात तसंच ठेवलं होतं. थोड्या वेळानं डबा हाताला चटका देऊ लागला, मग वरून पांढरी वाफ निघाली आणि घट्ट झालेल्या रेझिनला कडाकड तडे गेले. आगपेटी जवळ नव्हती, तरी एवढी उष्णता त्याच्या आतूनच आली. बोट याच मालाची असते. फायबर म्हटलं की लोकांना काच आठवते आणि काच जळत नाही हे खरं. पण हातानं बोट बनवताना 1 किलो काचेच्या धाग्यांच्या मॅटला दोन-अडीच किलो रेझिन लागतं. म्हणजे बोटीत काचेपेक्षा रेझिनच जास्त, आणि ते खनिज तेलापासून बनतं. एकदा पेटलं की काळाकुट्ट धूर सोडत जळतं. वर प्लायवूड, फोमच्या गाद्या, वायर आणि टाकीतलं इंधन. बाहेर कितीही पाणी असू दे, आग बोटीच्या आत असते. पाण्याच्या रेषेपर्यंत बोट जळून जाते आणि मग बुडते.

आता पेट्रोल. याच्यावर मी जास्त बोलतो, कारण नवीन पोरं इथंच फसतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीनं जड असते. मोटरसायकलचं पेट्रोल गळलं तर वाफ रस्त्यावर उतरते आणि वाऱ्यानं जाते. बोट म्हणजे काठ असलेली परात. वाफ खाली बिल्जमध्ये, म्हणजे तळाचं पाणी साठतं त्या जागेत जाऊन बसते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ मिसळली तरी ठिणगीला तेवढं पुरतं. म्हणून एवढंसं पेट्रोल सांडलं तरी ते लहान समजू नका. डिझेलचं तसं नाही, साध्या उन्हात ते एवढी वाफ सोडत नाही. पण गरम एक्झॉस्टवर डिझेलचा फवारा उडाला तर तेही पेटतं, हे विसरू नका. स्वयंपाकाचा गॅसही हवेपेक्षा जड असतो. सिलिंडर केबिनमध्ये ठेवला आणि नळी गळली तर तोही खाली बिल्जमध्येच जाणार.

एका धक्क्यावर माझ्या डोळ्यांदेखत झालेलं सांगतो. गिऱ्हाईक खोळंबलं होतं. पोरानं टाकी भरली, झाकण लावलं आणि लगेच चावी फिरवली. आवाज फार मोठा नव्हता, पोत्यावर काठी मारल्यासारखा धप् झाला. इंजिनाच्या खोक्याचं झाकण उडालं आणि ज्वाळा माणसाच्या उंचीवर गेली. पोरगं पाण्यात पडलं म्हणून जगलं, पण दोन्ही हात भाजले. नंतर आम्ही इंजिन उघडलं तेव्हा आत गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा भाग, निघाला. स्वस्त पडतो म्हणून मालकानं बसवलेला. बोटीचे स्टार्टर आणि अल्टरनेटर असे बंदिस्त करतात की आतली ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत पोहोचू नये. गाडीच्या पार्टला ती सोय नसते. कुणी म्हणालं, "चालतंय रे, बसव," तरी बसवू नका. नोकरी दुसरी मिळते.

तेव्हा पेट्रोल भरण्याची रीत अशी. प्रवाशांना धक्क्यावर उतरवा. इंजिन, गॅस, बॅटरीचा स्विच बंद. केबिनची दारं-खिडक्या लावून घ्या, म्हणजे वाफ आत शिरणार नाही. नोझल टाकीच्या तोंडाला टेकवूनच भरा आणि टाकी काठोकाठ भरू नका, उन्हात पेट्रोल फुगतं. हलवता येणारा कॅन असेल तर तो खाली उतरवून जमिनीवर ठेवून भरा. भरून झालं की सगळं उघडा. इंजिनाच्या खोक्याचं झाकण वर करा, गुडघ्यावर बसा आणि नाक तळाशी न्या. यंत्रापेक्षा मी नाकावर जास्त भरवसा ठेवतो. वास आला तर कुठलंही बटण दाबायचं नाही, माणसं लांब करायची आणि गळती शोधायची. वास नसेल तर ब्लोअर, म्हणजे तळातली वाफ बाहेर ओढणारा पंखा, निदान 4 मिनिटं चालवा, पुन्हा वास घ्या, मग चावी. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, ओरडला तरी 4 म्हणजे 4. ब्लोअरची नळी तळापर्यंत पोहोचलेली आहे का तेही बघून ठेवा. वर लोंबकळत असेल तर ती वरची चांगली हवाच ओढत बसते.

धक्क्यावरून बोटीला वीज घेतात, तो प्लग रोज हातात धरून बघा. खाऱ्या हवेनं पिना हिरव्या पडतात, जोड सैल होतो आणि सैल जोड तापतो. प्लग कोमट लागला किंवा कडेला तपकिरी डाग दिसला तर तो बदलायचा, टेप गुंडाळायची नाही. पावसाळ्यात बोटी बांधून ठेवतात, चार्जर चालू असतो आणि आसपास कुणी नसतं. तेव्हा याची भीती जास्त.

एक बोट पेटली की शेजारची का जाते? बोटी अंगाला अंग लावून बांधलेल्या असतात. ज्वाळा लागायचीही गरज नाही, नुसत्या धगीनं शेजारच्या बोटीचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत थर, फोडासारखा फुगतो आणि पेट घेतो. दोर जळून तुटला की पेटती बोट वाऱ्याबरोबर दुसऱ्यांवर जाते. विशाखापट्टणमच्या मासेमारी बंदरात 19 नोव्हेंबर 2023 च्या रात्री असंच एकीवरून दुसरीवर जात तीस-चाळीस बोटी जळाल्या. त्यांच्यात डिझेल होतं आणि गॅसचे सिलिंडरही होते.

चालत्या बोटीला आग लागली तर वेग कमी करा आणि बोट अशी वळवा की ज्वाळा माणसांपासून लांब, वाऱ्याच्या दिशेनं जातील. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर. इंजिन बंद, पेट्रोलचा कॉक बंद. खोक्यात आग असेल तर झाकण उघडू नका. उघडलं की तिला हवा मिळते आणि ती तोंडावर येते. झाकणाला छोटं भोक ठेवलेलं असतं, आग विझवायच्या पावडरच्या सिलिंडरचं तोंड त्यात घाला. उघड्या आगीवर पावडर मारायची तर ज्वाळेच्या बुडाशी मारा. लहान सिलिंडर आठ-दहा सेकंदांत संपतो, म्हणून लांबून उडवून वाया घालवू नका. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतलं तर ते पाण्यावर तरंगत पसरतं. सिलिंडर संपला आणि आग विझली नाही तर बोट सोडा. फोमचा धूर दोन-चार श्वासांत भोवळ आणतो. धक्क्यावर असाल तर आधी विजेचा मेन स्विच पाडा, 112 ला फोन करा आणि आत कोणी माणूस आहे का ते पहिल्यांदा सांगा.

आणि झोपायचं कुठं, हे भाच्यानं शेवटी विचारलं. खोलीचं भाडं वाचावं म्हणून पोरं बोटीवरच पथारी टाकतात. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या स्कॉट्सबरो इथं 27 जानेवारी 2020 ला मध्यरात्रीनंतर धक्क्याला लागलेल्या बोटींवर झोपलेली 8 माणसं अशाच आगीत गेली. भाच्याला मी पहिल्या महिन्याचं खोलीभाडं हातात दिलंय. ज्यांना बोटीवर राहण्यावाचून गत्यंतर नाही त्यांनी उघड्या डेकवर, सुटकेच्या बाजूला डोकं करून झोपावं, धुराचा अलार्म केबिनमध्ये लावावा आणि रात्री फोन चार्जिंगला लावून झोपू नये.