लाल पान जुनं की नवं? बालवाडीतले पानगळीचे दिवस

ऑक्टोबर लागला की बऱ्याच बालवाड्यांच्या भिंतीवर नारिंगी कागदाची, थंड देशांतल्या मेपल झाडाची पानं चिकटतात. आयते तक्ते तसेच मिळतात, म्हणून. खिडकीबाहेरचं झाड मात्र तेव्हा पावसाने धुतलेलं, गच्च हिरवं असतं आणि मुलाला दोन्हींचा मेळ लागत नाही. आपल्याकडची पानगळ जानेवारीच्या आसपास सुरू होते आणि झाडाझाडाने पुढेमागे एप्रिलपर्यंत चालते. देशी बदाम तांबडा होतो, सागाखाली पानांचा खच पडतो, पळस पानं टाकून फुलतो. पिंपळ बघता बघता रिकामा होतो आणि बघता बघता तांबूस पालवीने भरतो. करंज आणि बहावा या सगळ्यांच्या मागून येतात. बालवाडीत किंवा अंगणवाडीत नव्याने रुजू झालेल्या ताईंनी वर्षाचं नियोजन करताना या विषयाला फेब्रुवारी-मार्चमधले चार ते सहा आठवडे द्यावेत. एका दिवसाचा 'पान दिवस' करून फोटो मिळतात, बाकी काही नाही. यातली खरी मजा बदल बघण्यात आहे आणि बदलाला दिवस लागतात.

मुलांना बाहेर नेण्याआधी आवार आणि आजूबाजूचा रस्ता एकटीने फिरून या. कुठलं झाड गळतंय, कुठलं अजून हिरवं आहे, कुठल्या फांद्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला येतात, हे वहीत टिपा. त्याच फेरीत काय टाळायचं तेही ठरवा. कण्हेर, बिट्टी, धोतरा, एरंड आणि गुंज यांची पानं किंवा बिया विषारी असतात. रुईचा आणि शेराचा चीक डोळ्यांत गेला तर भयंकर आग होते. गाजरगवताने अनेकांच्या अंगावर पुरळ उठतं. कुंपणावर खाजकुयलीचा वेल असेल तर तिच्या वाळलेल्या शेंगा नेमक्या याच दिवसांत तडकतात आणि त्यांची कुसं वाऱ्याने उडतात. त्या बाजूला मुलांना नेऊच नका. जुन्या पाचोळ्याच्या ढिगात विंचू असू शकतो, सापही. म्हणून मुलांना खेळायला द्यायचा ढीग त्याच सकाळी, ताज्या पडलेल्या पानांचा, मोकळ्या जागेत करावा आणि आधी काठीने उलटापालटा करून बघावा. आत हात घालण्यापूर्वी काठी फिरवायची, ही सवय मुलांनाही लावता येते आणि ती त्यांना आवडते.

यात सगळ्यात जास्त बिनसतं ते खराट्यामुळे. मुलं साडेनऊला येतात आणि मदतनीस मावशींनी आठलाच अंगण लख्ख झाडलेलं असतं. त्यांच्याशी आधी बोला. झाडाखालचा एकच कोपरा पंधरा दिवस तसाच ठेवायचा आहे आणि का, हे सांगा. बहुतेक वेळा मावशींना झाडांची माहिती आपल्यापेक्षा जास्त असते. त्यांना कोपरा राखायला सांगून थांबू नका, मुलांबरोबर बसवून घ्या.

साहित्याला खर्च नाही. तीन-चार टोपल्या, एक सूप, एक घमेलं, सुतळी, रद्दी वर्तमानपत्रं, मेणाचे खडू, पातळ कागद. पान, बी, शिंपला यांना शिक्षणाचं साहित्य मानण्याची वाट महाराष्ट्रात जुनी आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, तेव्हा महागडी साधनं गावात आणणं शक्य नव्हतं. आवारात मिळणाऱ्या वस्तूंतूनच त्यांनी साधनं घडवली. विकतची प्लास्टिकची पानं आणायचा मोह झाला तर हे आठवावं. प्लास्टिकचं पान वाजत नाही, वाळत नाही, त्याला वासही नाही.

पहिल्या दिवशी काही शिकवू नका. पाच-सहा मुलांचा एक गट, एक मोठी व्यक्ती, वीस मिनिटं. प्रत्येकाने आपल्याला आवडलेली पाच पानं आणायची, एवढंच सांगा. पाच म्हटलं नाही तर मुलं टोपली भरतात आणि मग एकाही पानाकडे नीट बघत नाहीत. पानं आणल्यावर "हा रंग कोणता?" असं विचारू नका. त्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे हे मुलालाही ठाऊक असतं, आणि ते चूप होतं. "हेच का घेतलंस?" असं विचारा आणि मनात पाचपर्यंत अंक मोजत थांबा. ही शांतता नव्या ताईला फार जड जाते. ती स्वतःच उत्तर देऊन टाकते आणि संभाषण तिथेच संपतं. मूल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत, नाव-तारखेसह लिहून ठेवा. "हे पान पापडासारखं आहे" हे वाक्य "पान कुरकुरीत आहे" असं सुधारून लिहिलं, की मुलाची उपमा आपण पुसली. पाचोळ्याला घरी पाला म्हणत असतील, कोकणात पातेरा म्हणतात. तो शब्दही वर्गात तसाच चालू द्या.

पापडावरून आवाजाचा खेळ सुचतो. हिवाळ्यात सकाळी दव पडलेलं असतं तेव्हा पाचोळा पायाखाली वाजत नाही, उन्हं चढल्यावर तोच चुरचुर वाजतो. एकाच जागी दोन वेळा चालायला लावा. फरक कशामुळे, हे मुलंच शोधतील: एखादं म्हणेल पानं झोपली होती, एखादं म्हणेल ओली होती. दोन्ही उत्तरं घ्या आणि तपासायचं कसं ते विचारा. मूठभर वाजणाऱ्या पानांवर पाणी शिंपडून दहा मिनिटांनी चुरगाळून बघितलं की पुढचं कळतं.

वर्गीकरणासाठी जमिनीवर सुतळीची दोन वर्तुळं करा आणि बारा-पंधरा पानं द्या. गट कशावरून करायचे ते मुलाला ठरवू द्या. तीन वर्षांचं मूल बहुधा 'मोठं-छोटं' करतं किंवा 'माझी-तुझी'. पाच वर्षांचं मूल देठ लांब की आखूड, कडा दातेरी की सपाट, इथपर्यंत येतं. एखादं पान दोन्हीकडे बसतंय अशी अडचण येते, तिथे घाई करू नका. दोन वर्तुळं थोडी एकमेकांवर सरकवली तर त्या पानाला मधली जागा मिळते, आणि हे सहसा मुलांनाच सुचतं. बेलाचं पान आलं की भांडण ठरलेलं: हे एक पान की तीन? चिंचेच्या किंवा गुलमोहराच्या पानावर तर मोजणीच थांबते. तुमच्या माहितीसाठी खूण अशी, की संपूर्ण पानाच्या बेचक्यात, देठ फांदीला मिळतो तिथे, डोळा म्हणजे कळी असते; त्याच्या पर्णिकांच्या, म्हणजे पानाच्या सुट्या छोट्या भागांच्या, बेचक्यात ती नसते. मुलांना पर्णिका हा शब्द देण्याची गरज नाही. फांदी दाखवा आणि भांडू द्या.

आता मुख्य प्रश्न. कोणत्या ना कोणत्या गटात एखादं मूल विचारतंच, "पान पडलं तेव्हा झाडाला लागलं का?" याचं उत्तर तोंडाने देऊ नका, हातात द्या. पिंपळाचं एक हिरवं पान ताईंनी स्वतः खुडावं. देठाशी पांढरा चीक येतो. मग आपोआप पडलेल्या पानाचं देठाचं टोक बघायला द्या: कोरडं, गुळगुळीत, बंद. फांदीवर जिथून ते सुटलं तिथला वणही कोरडा असतो. पान गळण्याआधी झाड देठाच्या बुंध्याशी पेशींचा एक पातळ थर तयार करतं, तिथून पान सुटतं आणि फांदीच्या बाजूला बुचासारखं आवरण धरतं. मुलं आपल्या भाषेत म्हणतात, झाडाने दार लावून घेतलं. चीक मुलांच्या हाताला लागू देऊ नका. लागलाच तर लगेच साबणाने धुवा.

"पण दार का लावलं?" हा त्याच्या पुढचा प्रश्न. थंड देशांत थंडी आणि लहान होत जाणारे दिवस हे पानगळीचं कारण. आपल्याकडे ते मुख्यतः कोरड्या महिन्यांत पाणी वाचवणं. हे दाखवता येतं. सकाळी नऊच्या सुमारास उन्हातल्या एका पानं असलेल्या फांदीवर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी चढवून सुतळीने घट्ट बांधा, तशीच दुसरी पिशवी निष्पर्ण फांदीवर. बारापर्यंत पहिल्या पिशवीत पाण्याचे थेंब जमतात, दुसरी जवळपास कोरडी राहते. आदल्या दिवशीच 'झाड पाणी पितं, पान पाणी सोडतं' असं पाठ करून घेतलं असेल तर या थेंबांची जादू जाते. फसतं ते तीन कारणांनी: पिशवी सावलीत बांधली, गाठ सैल राहिली, किंवा पिशवीला आधीच भोक होतं. पिशवी मोठ्यांनीच बांधायची, त्याच दिवशी काढायची (रात्रभर ठेवली तर पानं करपतात) आणि मुलांच्या हाती राहू द्यायची नाही, डोक्यावर चढवण्याचा धोका असतो.

लाल पानाचं कोडं यातूनच निघतं आणि ते आपल्या मातीतलं आहे. मेपलच्या देशात लाल म्हणजे म्हातारं पान. आपल्याकडे बदामाचं लाल पान गळायला आलेलं असतं, आणि त्याच आठवड्यात पिंपळाचं, आंब्याचं, कुसुमाचं लाल पान नुकतं जन्मलेलं. दोन्ही शेजारी ठेवा आणि विचारा, यातलं आजोबा कोण, बाळ कोण? मुलं स्पर्शाने ठरवतात: बाळाचं पान मऊ, लोंबतं, चमकदार; आजोबांचं जाड, ताठ, डागाळलेलं. मग झाडाखाली नेऊन पडताळा: बाळपान फांदीच्या टोकाला असतं, जुनं मागे असतं आणि बोट लावताच सुटतं. पिवळा रंग पानात आधीपासून असतो, हिरवं द्रव्य मोडलं की तो दिसतो. लाल द्रव्य बहुतांशी नव्याने तयार होतं. हे ताईंनी जाणावं. स्पिरिट आणि गाळणकागदाने रंग वेगळे करण्याचा प्रयोग शाळेसाठी ठेवावा, या वयाला त्यात बघण्यासारखं थोडं आणि धोका जास्त. त्यापेक्षा सागाचं कोवळं पान मिळालं तर तळहातावर चोळा: हिरव्या पानातून लाल रंग उतरतो. मुलं दिवसभर तो हात दाखवत फिरतात.

ठशांचं काम सोपं वाटतं आणि सर्रास बिघडतं. वाळकं पान घेतलं तर दाबाने चुरा होतो. त्याच दिवशी पडलेलं, लवचिक पान घ्या. शिरा उठावदार असतात ती मागची बाजू वर ठेवा. पेरूचं आणि पिंपळाचं पान सर्वांत छान उमटतं. त्यावर कागद ठेवून मेणाचा खडू घासायचा. कागद पातळ हवा, कार्डशीटवर काही येत नाही. खडूचं वेष्टण काढून तो आडवा धरायचा. मूल टोकाने घासतं आणि कागद फाटतो. पान सरकू नये म्हणून खाली मळलेल्या कणकेचा छोटा गोळा लावा. पानं चिकटवायची असतील तर ती आधी एक दिवस वर्तमानपत्रात विटेखाली दाबा, नाहीतर वाळताना वळतात आणि कागदावरून सुटतात. टिकवायची असतील तर आठ-दहा दिवस दाबा आणि पहिले तीन दिवस कागद रोज बदला, नाहीतर बुरशी धरते. खळ घरीच करा: एक वाटी मैदा, चार वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत. टिकावी म्हणून काही जण त्यात मोरचूद घालतात. तो विषारी आहे, मुलांच्या खळीत कधीही नको. दोन दिवसांनी नवी करावी.

पिंपळाच्या जाळीदार पानाला वेळ लागतो. पक्कं, न कुरतडलेलं पान तीन-चार आठवडे पाण्यात बुडवून ठेवा, पाणी आठवड्याला बदला. घाण वास येतो, म्हणून भांडं वर्गाबाहेर. गर सुटू लागला की मऊ ब्रशने हलक्या हाताने काढायचा. दहा पानं घातली तर चार-पाचच शाबूत निघतील असं धरून चाला.

पडण्याची शर्यत मात्र पाच मिनिटांत होते. ताईंनी स्टुलावर उभं राहून एकाच झाडाची दोन पानं सोडायची, एक उघडं आणि एक चुरगाळून गोळा केलेलं. सोडण्यापूर्वी प्रत्येक मुलाने कोणतं आधी पोचेल ते सांगायचं. गोळा आधी पोचतो, उघडं पान हवेवर झुलत येतं. मग मुलांना स्वतः पान होऊन जमिनीवर यायला सांगा.

पूर्ण काळ चालणारं काम एकच: 'आपली फांदी'. मुलांच्या उंचीची एक फांदी निवडून रिबीन बांधा आणि दर सोमवारी तिचं चित्र काढा. मोठ्या गटासाठी झाडाखाली सुतळीचा एक मीटरचा चौकोन आखून रोज सकाळी त्यात पडलेली पानं मोजता येतात, पाच-पाचचे गठ्ठे करून. सहा आठवड्यांची चित्रं ओळीने लावली की पालकसभेत वेगळं काही सांगावं लागत नाही.

परदेशातल्या मराठी घरांनी हेच ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करावं, मेलबर्नला एप्रिल-मेमध्ये. तिथली पानं बहुधा ओली मिळतात, म्हणून आधी रात्रभर कागदावर पसरून ठेवावीत. फेब्रुवारीत आजीने व्हिडिओ कॉलवर पिंपळाची लाल पालवी दाखवली, तर तिकडच्या मुलालाही कोडं पडतं.

उरलेला पाचोळा जाळू नका. कुंडीत किंवा तळाला भोकं पाडलेल्या जुन्या घमेल्यात हाताने चुरून भरा, मध्ये मातीचे थर, वर थोडं आंबट ताक किंवा शेणकाला, आणि मुलांच्या पाळ्या लावून आठवड्यातून दोनदा पाणी. बदाम, आंबा, फणस यांची जाड पानं हळू कुजतात, ती बारीक चुरली नाहीत तर तशीच्या तशी सापडतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी कोण घालणार हे मावशींशी आधीच ठरवा. जूनमध्ये नवी मुलं आली की त्यांच्यासमोर ते उकरा, ओळखू येणारे देठ आणि शिरा वेचू द्या आणि उरलेल्या काळ्या मातीत घेवड्याचं बी लावा.