लाकडी शिडाच्या जहाजाचं मॉडेल: या चुका टाळा, आणि झाल्याच तर मूळ शोधा

डोलकाठीला दोन्ही बाजूंनी आधार देणारे जाड दोर, म्हणजे श्राउड, बांधायला घेतले होते. डावीकडचे ताणले की उजवीकडचे सैल पडायचे. उजवीकडचे ताणले की डोलकाठीचं टोक तिकडे झुकायचं. दोन संध्याकाळ दोऱ्यांशी झटापट झाली आणि मग लक्षात आलं, दोष दोऱ्यांचा नाहीच. जहाजाच्या कण्यालाच पीळ पडला होता. तो पडला होता पाच महिन्यांपूर्वी, मी एका बाजूच्या सगळ्या फळ्या आधी लावून टाकल्या तेव्हा.

या छंदात चूक एका टप्प्यावर दिसते आणि ती झालेली असते त्याच्या कितीतरी आधी. म्हणून इथे दोषाबरोबर त्याचं मूळ कुठे शोधायचं तेही सांगतो.

पहिलंच जहाज शंभर तोफांचं

एचएमएस व्हिक्टरी ही ब्रिटिश युद्धनौका 1765 साली पाण्यात उतरली. तोफा 104, आणि दोरखंडांची लांबी सुमारे 42 किलोमीटर सांगतात. तिचं किट पाहून मन हरखतं आणि पुष्कळ जण तिथूनच सुरुवात करतात. अडचण अवघडपणाची नाही, पुनरावृत्तीची आहे. तोफेचा गाडा जोडायची पद्धत चुकली तर ती शंभर वेळा चुकते, आणि पद्धत बरोबर असली तरी चाळिसाव्या गाड्याला हात कंटाळतो. एक किंवा दोन डोलकाठ्यांचं कटर किंवा स्कूनर घ्या. कणा, फळ्या, डोलकाठी, श्राउड, शिडं हे सगळं त्यातही आहे, आणि ते पूर्ण होतं.

कण्याचा बाक, बरगड्यांची धार

किटमध्ये कणा प्लायवुडचा येतो आणि त्यात उभ्या खाचा असतात. त्यांत आडवे तक्ते बसतात, त्यांना बल्कहेड म्हणतात. मी बरगड्याच म्हणतो. पेटी उघडल्यावर पहिलं काम म्हणजे कणा काचेवर किंवा सपाट फरशीवर ठेवून डोळा जमिनीलगत नेऊन बघणं. बाक असेल तर दोन्ही बाजूंनी ओला करून, वर जड वजन ठेवून एक-दोन दिवस पूर्ण वाळू द्या. बरगड्या चिकटवताना प्रत्येक वेळी गुण्या लावून काटकोन तपासा. दोन बरगड्यांच्या मध्ये, विशेषतः दोन्ही टोकांना, बाल्सा या हलक्या लाकडाचे ठोकळे भरले की सांगाडा पिळला जात नाही आणि फळीला टेकायला जागाही मिळते.

मग येतं तासणं. मधल्या बरगड्यांची कड चौकोनी चालते, पण नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, आणि मागे जहाज निमुळतं होतं, तिथे कड तिरकी तासावी लागते. ती तासली नाही तर फळी बरगडीच्या एका टोकदार कोपऱ्यावर टेकते, आणि बाहेरून जहाजाच्या अंगावर फासळ्या उठून दिसतात. पुढे कितीही लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लगदा, भरली तरी त्या जात नाहीत. सँडपेपर लांब सपाट पट्टीवर चिकटवून एकदम तीन-चार बरगड्यांवरून फिरवा. मग एक पातळ फळी न चिकटवता वेगवेगळ्या उंचीवर ठेवून पाहा. फळीखाली कुठेही उजेड दिसला की काम बाकी आहे.

नीट तासलेला सांगाडा स्वतःच इतका देखणा असतो की झाकायला जीव धजत नाही. 17व्या शतकात नेव्ही बोर्ड या इंग्लंडच्या नौदलाच्या मंडळासाठी केलेल्या मॉडेलमध्ये खालचं अंग मुद्दाम फळ्यांविना उघडं ठेवत. त्यांतली बरीचशी 1:48 प्रमाणात, म्हणजे खऱ्या जहाजाच्या 48 पट लहान, आहेत.

फळ्या: बहुतेक जहाजं इथे बिघडतात

नवशिक्याची सर्वांत मोठी समजूत अशी की फळ्या सारख्या रुंदीच्या आहेत, त्या वरून खाली एकामागून एक लावत जायच्या. तशा लावल्या की नाळेपाशी त्या एकमेकींवर चढतात, मागे फटी पडतात, आणि शेवटी टोकदार पाचरी ठोकून भोकं बुजवावी लागतात. मूळ साधं आहे: मधल्या बरगडीचा घेर मोठा, टोकांचा लहान. फळ्यांची संख्या मात्र तीच.

म्हणून आधी मोजा. कागदाची पट्टी मधल्या बरगडीवर डेकपासून कण्यापर्यंत गुंडाळा. समजा 110 मिलिमीटर भरलं आणि फळी 5 मिलिमीटरची आहे, तर 22 फळ्या लागतील. आता नाळेजवळच्या बरगडीवर तेच माप 66 भरलं, तर तिथे प्रत्येक फळीची रुंदी 3 मिलिमीटर हवी. म्हणजे तेवढी ती रंध्याने किंवा पट्टी लावून सुरीने निमुळती करायची. तिथे 44 भरलं तर वाट्याला 2 मिलिमीटर येतात, आणि इथे थांबायचं. मूळ रुंदीच्या निम्म्याहून अरुंद फळी धड वळतही नाही, टिकतही नाही. अशा ठिकाणी दोन फळ्यांच्या जागी पुढे एकच नेतात. मागे उलट घडू शकतं. माप 121 आलं तर प्रत्येकीला साडेपाच हवेत आणि फळी आहे पाचची, तेव्हा मध्ये एक जादा निमुळता तुकडा घालतात. खऱ्या जहाजबांधणीतही हेच करत, त्यामुळे यात कमीपणा काही नाही.

कण्याला लागून असलेल्या पहिल्या फळीवर बारीक लक्ष ठेवा. नाळेकडे ती हौसेने वर चढवली जाते आणि मग तिच्यावरच्या प्रत्येक फळीला तो चढ सोसावा लागतो. तिचं पुढचं टोक खालीच राहू द्या.

फळी तिच्या सपाट अंगावर सहज वळते, कडेवर वळत नाही. बळजबरीने कडेवर वळवली की तिची एक कड वर उचलते. वाफ, इस्त्री, केस वाळवायचं यंत्र, काहीही वापरा, पण एक ध्यानात ठेवा: लाकूड मऊ करते ती उष्णता. पाणी ती आतपर्यंत पोचवतं आणि लाकूड करपू देत नाही. तासन्‌तास भिजवून काही साधत नाही, पातळ फळीला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. आणि ओली फळी कधीही चिकटवू नका. ओलं लाकूड फुगलेलं असतं. वाळल्यावर ते आकसतं आणि काल घट्ट बसलेल्या सांध्यांत आज फट दिसते. फळी ओली असताना जागेवर नुसती चिमट्यांनी धरून ठेवा, पूर्ण वाळली की काढा, मग गोंद लावा.

आणि डावीकडे एक, मग उजवीकडे एक. माझ्या त्या पिळलेल्या जहाजाचं सगळं दुखणं या एका वाक्यात होतं.

फट राहिलीच तर? दोन थर असलेल्या किटमध्ये पहिला थर लाइमवूड (नावात लाइम असलं तरी हे लिंबाचं झाड नव्हे) किंवा बासवूड या मऊ लाकडाचा असतो. त्यात लांबी भरून, घासून सपाट करता येतं, कारण तो झाकला जाणार असतो. दुसऱ्या, दिसणाऱ्या थरात लांबी भरू नका, पॉलिश चढल्यावर तिचा डाग उठतो. त्याच लाकडाची बारीक चीप कापून फटीत बसवा.

गोंदाचे डाग

पॉलिश केल्यावर फिकट ठिपके दिसले तर ते गोंदाचे समजा. गोंद लाकडात मुरला की तिथे रंग शिरत नाही. पांढरा गोंद बाहेर आला की लगेच ओलसर फडक्याने टिपा. सुपरग्लू फक्त झटपट धरून ठेवण्यापुरता, नजरेआडच्या जागी वापरा. दोऱ्यांवर तर तो नकोच: दोर काळपट, कडक आणि ठिसूळ होतो, आणि नेमका गाठीपाशी तुटतो. गाठींना पांढरा गोंद निम्मं पाणी घालून लावा, वाळल्यावर दिसत नाही.

चुकीचं चिकटलेलं सोडवता येतं, घाबरून ओढू नका. पांढऱ्या गोंदाला कापसाने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून काही मिनिटं थांबा, सांधा सैल पडतो. सुपरग्लूला ॲसिटोन लागतं. दोन्ही उघड्या खिडकीजवळ आणि ज्योतीपासून दूर वापरा. ती पॉलिशही उतरवतात, म्हणून आधी कोपऱ्यात करून पाहा.

प्रमाण चुकलं की जहाज खेळणं दिसतं

सगळं नीटनेटकं असून मॉडेल जाडंभरडं का दिसतं? बहुधा दोऱ्या आणि कप्प्या मोठ्या असतात म्हणून. इथे एक जुना सापळा आहे. जुन्या तक्त्यांत दोराचं माप इंचांत दिलेलं असतं, पण ते व्यासाचं नसून घेराचं असतं. 10 इंची दोर म्हणजे 254 मिलिमीटर घेर. त्याला 3.14 ने भागलं की व्यास सुमारे 81 मिलिमीटर. 1:64 प्रमाणात तो होतो जेमतेम सव्वा मिलिमीटर. तेच 10 इंच व्यास समजून चाललात तर जवळजवळ 4 मिलिमीटरचा दोर लावाल, तिपटीहून जाड. कप्पीही मोजूनच घ्या: 12 इंची कप्पी 1:64 ला पावणेपाच मिलिमीटरची होते.

माझा भरवसा एका कागदी माणसावर आहे. 1:64 ला साडेपाच फुटी माणूस 26 मिलिमीटर उंच होतो. तेवढा कागद कापून डेकवर उभा करा. कठडा त्याच्या डोक्यापर्यंत पोचतो का, दारातून तो आत जाईल का, सुकाणूच्या चाकापर्यंत त्याचे हात जातात का, हे लगेच कळतं. चाकावरून आठवलं, सुकाणूचं चाक 18व्या शतकाच्या सुरुवातीला आलं. 16व्या शतकातल्या जहाजावर ते बसवू नका. जहाजाच्या तळाला ठोकायच्या तांब्याच्या पत्र्यांचंही तसंच. 1761 साली एचएमएस अलार्मवर ब्रिटिश नौदलाने त्यांचा प्रयोग केला आणि पुढच्या दोन दशकांत ते रूढ झाले.

डेकच्या फळ्यांबद्दल थोडक्यात: त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड नसत. 24 फुटी फळी 1:64 ला साधारण 114 मिलिमीटर होते. तेवढे तुकडे करा आणि शेजारशेजारचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नका.

डोलकाठी उभी करण्याआधी

डोलकाठी बसवायची घाई झाली की पुढे हात पोचत नाही. कप्प्या टेबलावरच, काठी हातात असताना बांधा. यार्ड म्हणजे शीड जिला बांधतात ती आडवी काठी. तिच्याही सगळ्या कप्प्या आधीच. वरचा डेक झाकण्यापूर्वी खालच्या तोफांचे दोर लावून टाका. डोलकाठीच्या पायथ्याशी ज्या खुंट्यांना दोर गुंडाळायचे, त्या बोटाने जरा ओढून पाहा. सैल असतील तर आत्ताच पक्क्या करा, कारण नंतर ताणलेल्या दोराबरोबर खुंटी उपटून हातात येते.

काठी उभी केल्यावर समोरून ओळंबा धरा. बाजूने बघताना मात्र आराखड्यातला कल पाहा, कारण बऱ्याच जहाजांच्या डोलकाठ्या मुद्दाम मागे झुकलेल्या असतात. शक्यतो बुंधा चिकटवू नका. मग श्राउड आणि पुढचे-मागचे दोर मिळून तिला सरळ ओढून घेतात, खऱ्या जहाजासारखे.

श्राउड आणि शिडीच्या दोऱ्या

श्राउड जोडीने लागतात. आधी उजवीकडची सर्वांत पुढची जोडी, मग डावीकडची, मग पुन्हा उजवीकडे. काठीच्या माथ्यावर वेढे त्याच क्रमाने एकावर एक बसतात. खाली प्रत्येक श्राउडला तीन भोकांचा गोल लाकडी ठोकळा असतो, त्याला डेडआय म्हणतात. वरचे डेडआय एका ओळीत न येता दातांसारखे वरखाली दिसणं हा फार नेहमीचा दोष आहे. ते नजरेने लावू नका. तारेचा चौकोनी आकडा वाकवा, एक पाय खालच्या डेडआयच्या भोकात, दुसरा वरच्याच्या, आणि अंतर त्यानेच ठरू द्या.

मग रॅटलाइन, म्हणजे खलाशी ज्यांवर पाय देऊन चढत त्या आडव्या दोऱ्या. पायऱ्यांमधलं अंतर 13 ते 15 इंच असे. 1:64 ला ते पाच ते सहा मिलिमीटर होतं. रेघा आखलेला कागद श्राउडच्या मागे लावला की अंतर आपोआप साधतं. चूक होते ती ओढण्यात. प्रत्येक क्लोव्ह हिच गाठ जरा जास्त आवळली जाते आणि शेकडो गाठींनंतर श्राउड मधोमध आत खेचले जाऊन डमरूसारखे दिसतात. हे टाळायला खालून एकेक पायरी बांधत जाऊ नका. आधी दर सहावी पायरी बांधा, थांबा, बाजूने पाहा, मग मधल्या भरा. गाठ बसेल इतकीच ओढा. डमरू झालाच असेल तर सगळं उसवायची गरज नाही. त्या पट्ट्यातल्या पायऱ्या कात्रीने कापा, श्राउड आपसूक सरळ होतात, पुन्हा बांधा. एका संध्याकाळचं काम आहे.

श्राउडसारखे कायमचे दोर डांबर लावलेले असत, म्हणून गडद तपकिरी किंवा काळपट. शिडं हलवणारे दोर फिकट. सुती दोरा दमट हवेत आखडतो आणि कोरड्यात सैल पडतो, म्हणून तो तारेसारखा ताणू नका. हलते दोर मधल्यापासून बाहेर आणि खालून वर या क्रमाने बांधा, नाहीतर बाहेरचे दोर आडवे येऊन आतल्या खुंटीपर्यंत चिमटा जात नाही. खुंटीवर टांगलेलं वेटोळं स्वतःच्या वजनाने खाली लोंबलेलं दिसलं पाहिजे. हवेत फुललेलं वेटोळं सगळ्या कष्टांवर पाणी फिरवतं.

शिडं आणि निशाण

जाड कापडाची शिडं लावण्यापेक्षा न लावलेली बरी. गुंडाळलेलं शीड करायचं तर पूर्ण मापाचं कापड घेऊ नका, उंचीच्या निम्म्याहून कमीच पुरे, नाहीतर यार्डवर गादीची वळकटी बांधल्यासारखी दिसते. शिडाच्या शिवणींमधलं अंतर 24 इंची कापडाच्या पट्ट्यांनुसार येतं, 1:64 ला साडेनऊ मिलिमीटर.

आणि निशाण. शिडं पुढे फुगलेली आणि निशाण मागे फडकणारं, हे मी सुरेख मॉडेलवरही पाहिलं आहे. मागून येणारा वारा शिडं पुढे फुगवतो, तर निशाणही पुढेच जाईल.

पेटीत ठेवताना

धूळ दोऱ्यांच्या गुंत्यात शिरली की ब्रशने निघत नाही, म्हणून काचेची पेटी हवीच. पण बंद पेटीत एक धोका आहे. तोफा किंवा नांगर शिशाचे असतील तर काही वर्षांत त्यांवर पांढरी भुकटी धरते. ओकसारख्या लाकडातून निघणारी ॲसेटिक आम्लाची वाफ पेटीत कोंडून राहते आणि शिसं खाते. ही भुकटी विषारी असते, फुंकून उडवू नका. पितळी तोफा वापरा, पेटीच्या तळाशी बारीक भोकं ठेवा म्हणजे हवा खेळती राहील, आणि वर्षातून एकदा टॉर्च घेऊन तोफांची तोंडं बघत जा.