सीएमव्हीवर काम करणार असाल तर पहिला पॅसेज जपा

हर्पिसवर पीएचडी करू का, असं विचारणारे फोन मला अधूनमधून येतात. विषय उत्तम आहे. पण त्याच घराण्यातला सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजे सीएमव्ही, फार सावकाश चालतो. हर्पिस सिम्प्लेक्सवाले मित्र दोन-तीन दिवसांत प्लाक (विषाणूने मारलेल्या पेशींचे ठिपके) मोजून मोकळे होतात. आपल्याला दहा-बारा दिवस थांबावं लागतं, आणि बाळाच्या लघवीतून विषाणू वाढवायचा तर कधी तीन-चार आठवडेही. मध्येच फ्लास्कमध्ये बुरशी आली की पुन्हा पहिल्यापासून. एवढा धीर नसेल तर दुसरा विषाणू निवडा, त्यात कमीपणा काही नाही.

माझं दीड वर्ष जिथे गेलं ते मात्र सविस्तर सांगते.

जन्मजात संसर्ग असलेल्या एका बाळाच्या लघवीतून मी विषाणू फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या) पेशींवर वाढवला. सुरुवातीला तो पेशींना चिकटूनच राहतो, एका पेशीतून शेजारच्या पेशीत जातो. वरच्या मीडियममध्ये (पेशींना पोसणाऱ्या द्रवात) जवळजवळ काहीच सापडत नाही. म्हणून संसर्ग झालेल्या पेशीच ट्रिप्सिन या विकराने सोडवून पुढच्या फ्लास्कमध्ये टाकायच्या. अशा प्रत्येक फेरीला पॅसेज म्हणतात. असं काही महिने केलं आणि एक दिवस मीडियममधला टायटर, म्हणजे विषाणूचं प्रमाण, भराभर वाढू लागला. मी आनंदले. सिनियरही म्हणाले, "जमलं की!"

जमलं नव्हतं. घात झाला होता तो तिथेच.

यूएल128, यूएल130 आणि यूएल131ए या तीन जनुकांची प्रथिनं विषाणूच्या कवचावरच्या जीएच आणि जीएल या प्रथिनांशी मिळून पाच प्रथिनांचा एक संच बनवतात. एपिथेलियल (अवयवांच्या अस्तराच्या) आणि एंडोथेलियल (रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या) पेशींत शिरायला विषाणूला तो लागतो. फायब्रोब्लास्टमध्ये शिरायला लागत नाही, उलट तिथे त्याची वाढ त्यामुळे मंदावते. त्यामुळे ज्या विषाणूत हा संच मोडतो तो बाकीच्यांना मागे टाकतो. बहुधा आधी आरएल13 हे जनुक जातं, मग या तिघांपैकी एखादं. म्हणजे मीडियममध्ये वाढलेला टायटर ही प्रगती नव्हती, विषाणू बदलल्याची खूण होती.

मी तोच विषाणू डोळ्याच्या पडद्याच्या एपिथेलियल पेशींवर टाकला. नऊ दिवस रोज मायक्रोस्कोपखाली पाहिलं. पेशी फरशीसारख्या एकमेकींना लागून शांत बसलेल्या. तीनदा केलं. आधी सीरमला दोष दिला, मग पेशींना, मग माझ्या हातांना. शेवटी सिक्वेन्सिंग केलं तर यूएल128 मध्ये एक अक्षर जास्तीचं, पुढचं सगळं वाचन विस्कटलेलं. आणि सुरुवातीच्या पॅसेजची एकही नळी उणे 80 च्या फ्रीझरमध्ये उरली नव्हती.

खचू नका, हे मोठमोठ्यांच्या हातून झालंय. 1950 च्या दशकात एका मुलाच्या ॲडेनॉइडमधून काढलेला सीएमव्हीचा एडी169 हा वाण जगभर वापरला गेला, 1990 मध्ये त्याचाच पूर्ण जीनोम वाचला गेला. 1996 मध्ये लक्षात आलं की त्यातून सुमारे 15,000 बेस जोड्यांचा तुकडाच गळालेला आहे.

म्हणून पहिल्या-दुसऱ्या पॅसेजलाच दहा-बारा नळ्या गोठवा आणि प्रत्येकीवर पॅसेज नंबर लिहा. मूळ लघवीतला थोडा डीएनए वेगळा ठेवा, पुढे तुलना त्याच्याशीच करायची आहे. एपिथेलियल पेशींवरची चाचणी पहिल्याच महिन्यात करा. नवा नमुना मिळतच नसेल तर कार्डिफच्या गटाने दुरुस्त केलेला मर्लिन हा वाण वापरा.

गाईडबद्दल माझं मत कडक आहे. नाव कितीही मोठं असो, "कितवा पॅसेज?" हे जो विचारत नाही त्याच्याकडे जाऊ नका.

आणि टॉर्च पॅनेलच्या (गरोदरपणात घातक संसर्गांच्या रक्तचाचण्यांच्या) आयजीएमचे (ताज्या संसर्गाची खूण मानल्या जाणाऱ्या प्रतिपिंडाचे) आकडे गोळा करून थिसिस उरकायचा मोह टाळा. आपल्याकडे बहुतेक बायकांना मोठ्या होईपर्यंत हा संसर्ग होऊन गेलेला असतो, आणि आयजीएम कित्येक महिने टिकतं, जुना संसर्ग पुन्हा जागा झाला तरी येतं. त्यावरून गरोदर बाईला घाबरवणं मला अन्यायाचं वाटतं. बाळाला जन्मजात संसर्ग आहे का हे पाहायचं तर जन्मापासून 21 दिवसांच्या आत लघवीचा किंवा लाळेचा पीसीआर करा. लाळेत आईच्या दुधातला विषाणू मिसळू शकतो, म्हणून ती पॉझिटिव्ह आली की लघवीवर खात्री करा.

मला दुसरा नमुना मिळाला तेव्हा दुसऱ्याच पॅसेजच्या पेशी एपिथेलियलवर टाकल्या. अकराव्या दिवशी फरशीच्या मधोमध पाच-सहा पेशी फुगलेल्या दिसल्या. रंगवून पाहिलं, तर केंद्रकात घुबडाच्या डोळ्यासारखा गडद ठिपका आणि भोवती फिकट कडं, सीएमव्हीची ओळखीची खूण.