दिग्गज खेळाडूसोबत गोल्फची फ्रेंडली मॅच खेळताय? या चुका टाळा

मुंबईत निवृत्त खेळाडूबरोबर गोल्फ खेळायला मिळणं आता फार अवघड राहिलेलं नाही. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी, हाजी अलीजवळचा विलिंग्डन, कुलाब्याचा यूएस क्लब, खाडीपलीकडचं खारघर व्हॅली. कुठे कंपनीची मॅच असते, कुठे एखाद्या संस्थेसाठी निधी जमवायचा असतो, आणि आपल्या चौघांत एक नाव असं निघतं की ज्यांचे फोटो आपण शाळेत असताना वहीवर चिकटवले होते. आमच्या ग्रुपमध्ये अशा मॅचेसच्या जोड्या मी लावतो. पंधरा वर्षं झाली. नवीन मंडळी दर वेळी त्याच चुका करतात आणि आयुष्यात एकदाच मिळणारी सकाळ हातची घालवतात. ते बघवत नाही, म्हणून हे लिहितोय.

"सर, स्ट्रोक नको, सरळ खेळू"

पहिल्या टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागेवर, हे वाक्य कानावर आलं की पुढचे चार तास कसे जाणार ते मला तिथेच कळतं. बोलणाऱ्याला वाटतं आपण मान राखला. प्रत्यक्षात त्याने मॅचच संपवलेली असते.

हँडिकॅप म्हणजे आपला खेळ किती कच्चा ते सांगणारा आकडा, जितका मोठा तितका खेळ कच्चा. त्यावरून मिळणारी सूट ही कोणी केलेली मेहेरबानी नाही. तुमचा २२, त्यांचा ९, तर एकास एक मॅचमध्ये, जिथे जास्त होल जिंकणारा विजयी, फरकाचे १३ स्ट्रोक, म्हणजे १३ फटक्यांची सूट, तुमच्या हक्काची. स्कोअरकार्डवर प्रत्येक होलला अवघडपणाचा एक क्रमांक छापलेला असतो. १ ते १३ क्रमांकाच्या होलवर तुम्हाला एकेक स्ट्रोक मिळतो. त्या होलवर त्यांचे ४ आणि तुमचे ५ झाले, तर होल बरोबरीत. एवढं साधं आहे. तरुण वयात टेनिसपटूशी टेनिस किंवा बॉलरसमोर बॅट घेऊन उभं राहून आपण कधीच जिंकलो नसतो. गोल्फमध्ये मात्र खरी लढत होऊ शकते, ती या व्यवस्थेमुळेच.

हे नेमके आकडे मी उगाच घेतलेले नाहीत. आमच्यातल्या एका मित्राचा हँडिकॅप २२ आणि समोर भारताकडून खेळलेले एक क्रिकेटपटू, हँडिकॅप ९. मी स्कोअरकार्डवर स्ट्रोकच्या टिंबांच्या खुणा करून दिल्या होत्या. मित्राने पहिल्या टीवर हात जोडले, "तुमच्याकडून स्ट्रोक घेऊ का मी, सर?" सर दोनदा म्हणाले, घ्या. याने ऐकलं नाही. बाराव्या होलवर मॅच संपली, ७ अँड ६, म्हणजे सर सात होलने पुढे. अजून सहा होल शिल्लक, खेळायला काहीच नाही. सर सभ्य माणूस, शेवटपर्यंत चालले, पण तेराव्यापासून ते आणि त्यांचा कॅडी, म्हणजे बॅग वाहणारा मदतनीस, निवांत गप्पा मारत होते आणि माझा मित्र रफमध्ये, कडेच्या उंच गवतात, एकटाच बॉल शोधत होता. त्या रात्री मी कार्ड घेऊन बसलो आणि स्ट्रोक धरून हिशेब मांडला. त्याच खेळात, त्याच फटक्यांत, बाराव्या होलनंतर तो फक्त १ ने मागे असता. मॅच सतराव्या-अठराव्यापर्यंत गेली असती. तो कागद मी अजून ठेवलाय आणि नवीन आलेल्या प्रत्येकाला दाखवतो.

याच आजाराचा दुसरा प्रकार म्हणजे लाजेखातर हँडिकॅप कमी सांगणं. २२ चा माणूस "मी साधारण १६" म्हणतो. नियमाप्रमाणे कमी सांगितलात तर दंड नाही, पण त्याच कमी हँडिकॅपवर मॅच खेळावी लागते. जास्त सांगितलात आणि त्यामुळे स्ट्रोकमध्ये फरक पडला, तर थेट बाद. माझी सवय अशी की आदल्या रात्रीच दोघांचे आकडे मेसेजवर लिहून घेतो आणि टीवर त्यावर चर्चा होऊ देत नाही.

"सर, उचला, दिला"

मॅच प्लेमध्ये, म्हणजे होलगणिक हार-जीत मोजायच्या या खेळात, समोरच्याचा पट, म्हणजे बॉल भोकात ढकलायचा हलका फटका, न मारताच झाला असं मानता येतं. तो 'देता' येतो. चांगली प्रथा आहे, वेळ वाचतो. पण दिग्गज समोर असला की लोक पाच-पाच, सात-सात फुटांचे पट देत सुटतात.

भारतासाठी हॉकी खेळलेले एक ज्येष्ठ खेळाडू आमच्याकडे आले होते. सहाव्या होलवर त्यांचा पट राहिला होता पाच फुटांचा, डावीकडून उजवीकडे उतार. ते गुडघ्यावर बसून लाइन बघत होते. समोरचा मुलगा लांबूनच ओरडला, "सर, उचला ना, दिला!" आता नियम बघा: दिलेला पट परत घेता येत नाही आणि नाकारताही येत नाही. होल तिथेच संपलं. त्यांनी बॉल उचलला, खिशात घातला, एवढंच म्हणाले, "मला तो मारायचा होता." पुढचे तीन होल ते कोणाशी बोलले नाहीत.

जेवताना मी त्यांच्या शेजारी बसलो आणि मुलाच्या वतीने माफी मागितली. ते म्हणाले, राग नाही रे. पण मैदानावर हाताला जी थरथर सुटायची ना, ती आता फक्त पाच फुटांच्या पटवर सुटते. तेवढ्यासाठी पहाटे पाचला उठून येतो मी.

त्यानंतर जोड्या लावताना हे मी प्रत्येकाला सांगतो. ही माणसं सुटी घालवायला गोल्फ खेळत नाहीत. कपिल देव १९९४ मध्ये निवृत्त झाले, गोल्फकडे वळले आणि २०२४ मध्ये देशातल्या व्यावसायिक गोल्फ टूरचे अध्यक्ष झाले. स्पर्धा त्यांच्या अंगात असते आणि ती संपल्याचं दुःखही. तुम्ही पट देता तेव्हा नेमकं तेच काढून घेता.

कोणीतरी लगेच १९६९ च्या रायडर कपचा, अमेरिका विरुद्ध ब्रिटन या सांघिक स्पर्धेचा, दाखला देतं. रॉयल बर्कडेलवर अमेरिकेच्या जॅक निकलसने ब्रिटनच्या टोनी जॅकलिनला शेवटचा छोटा पट दिला आणि सामना १६-१६ असा सुटला. खरं आहे, आणि ते सुंदरच होतं. पण निकलसने आधी स्वतःचा पट घातला होता, तो शेवटच्या मॅचचा शेवटचा होल होता आणि जॅकलिनचा पट होता दोनेक फुटांचा. सहाव्या होलवर पाच फूट देण्याशी त्याचा काही संबंध नाही.

माझं मोजमाप ठरलेलं आहे. पटरच्या डोक्यापासून ग्रिप सुरू होते तिथपर्यंतचं अंतर, म्हणजे साधारण दोन फूट. बॉल त्याच्या आत असेल तर देतो. पहिल्या तीन होलवर तेही नाही, सगळ्यांनी सगळं मारायचं. दुसऱ्या वर्षी मी त्याच मुलाला त्याच सरांसमोर उभं केलं. सतराव्या होलवर सरांचा चार फुटांचा पट होता. मुलगा झेंडा हातात धरून गप्प उभा राहिला. सरांचा पट कडेला लागून बाहेर आला, आणि त्यांनी मुलाच्या पाठीवर जोरात थाप मारली.

"सर, कोणता आयर्न मारलात?"

आयर्न म्हणजे लोखंडी डोक्याचा क्लब, बॉल मारायची काठी. प्रतिस्पर्ध्याला हे विचारलंत की होल गेलं. मॅच प्लेमध्ये सल्ला मागण्याचा दंड तोच आहे. दिग्गज बहुधा दंड लावणार नाही, पण त्याला अवघडल्यासारखं होतं. झेंड्यापर्यंत अंतर किती हे विचारायला हरकत नाही, तो सल्ला धरत नाहीत. क्लबबद्दल आपल्या कॅडीला विचारा. त्याला तो कोर्स आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक असतो, आणि लोक त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत याचा मला खरंच राग येतो.

छाप पाडायला ड्रायव्हर

पहिली टी, बाजूला दिग्गज, मागे वीस माणसं. इथे ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारणारा क्लब, काढणाऱ्या दहांपैकी नऊ जण उजवीकडच्या झाडीत बॉल घालतात. आपल्याकडे बहुतेकांचे हात क्रिकेटवर वाढलेले. खालचा हात जोर करतो, मनगट उशिरा वळतं, बॉल स्लाइस होतो, म्हणजे उजवीकडे वळत जातो. हे मोडायला महिने लागतात. रील बघून तीन दिवसांत लांब फटका शिकवणाऱ्यांच्या नादी लागून आलेल्या मुलांना मी हेच सांगतो की वर्षभर सरावाच्या रेंजवर सात नंबरचा आयर्न मारा, मग बोलू. त्यांना ते आवडत नाही. नाही आवडलं तरी तेच खरं आहे.

मी पहिल्या टीवर हायब्रिड, म्हणजे ड्रायव्हरपेक्षा सोपा क्लब, काढतो. बॉल १६०-१७० यार्ड सरळ जातो आणि मी चालायला लागतो.

बाकीचं थोडक्यात. त्यांचा बॉल हरवला तर दहा जणांनी झाडीत शिरू नका. २०१९ पासून शोधायला तीनच मिनिटं आहेत आणि ती त्यांच्यासाठीही तेवढीच. बंकरमध्ये सराव म्हणून फटका फिरवताना वाळूला क्लब लावू नका, होल जातं. घारीने किंवा कावळ्याने बॉल पळवला, जे आपल्याकडे होतं, तर दंड नाही. होता तिथे दुसरा ठेवा. पावसाळ्यात फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्यातल्या, चिखलात रुतलेला बॉल विनादंड काढता येतो, ओढून मारायला जाऊ नका. ते पट मारताना त्यांच्या लाइनच्या मागे उभं राहू नका, सावलीही पडू देऊ नका. त्यांच्या जुन्या मॅचची गोष्ट त्यांना सांगू नका. ती त्यांना माहीत आहे. बोलायचंच असेल तर समोरच्या होलबद्दल बोला, ते खुलतात.

फोन बॅगेत. फोटो अठराव्या ग्रीनवर, टोप्या काढून हात मिळवल्यानंतर.

वेळेचंही सांगतो. दक्षिण मुंबईतून चेंबूरला ईस्टर्न फ्रीवेने लवकर पोहोचता येतं म्हणून लोक टी-ऑफच्या दहा मिनिटं आधी गाडीतून उतरतात आणि बूट बांधत टीवर येतात. साडेसहाची टी असेल तर मी पावणेसहाला तिथे असतो. वीस मिनिटं फक्त पटिंग, तेही तीन फुटांचे. ऑक्टोबरमध्ये दोन ग्लव्ह, कारण पाचव्या होलपर्यंत पहिला घामाने भिजतो आणि ग्रिप सटकते.

आणि पहिल्या टीवर हात कापायला लागले, तर ग्रिप आणखी आवळू नका, सगळे तेच करतात. बोटं सैल सोडा, एकदा हवेत क्लब फिरवा, गवत घासल्याचा आवाज ऐका आणि लगेच मारा. उभं राहून विचार करत बसलात की गेलं. माझी थरथर तिसऱ्या होलपर्यंत जाते. कधी जातही नाही, मग तशीच घेऊन अठरा होल खेळतो.