कुणी न मागितलेल्या सीड्या: पीएस टूच्या अखेरच्या वर्षांतले गेम कसे निवडायचे आणि आज कसे लावायचे

२००७ ते २०१४ मिरजेत माझं गेम पार्लर होतं. चार पीएस टू (सोनीचं प्लेस्टेशन टू, टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन म्हणजे कन्सोल), चार एकवीस इंची जुने टीव्ही, तासाला वीस रुपये. शाळा सुटली की पोरं दप्तरासकट आत घुसायची आणि तीनच गोष्टी मागायची: फुटबॉल, कुस्ती नाहीतर गाड्या पळवायचा जीटीए. बाकीच्या सीड्या (डिस्कला आमच्याकडे सीडीच म्हणत) काउंटरखालच्या खणात पडून असायच्या. मेव्हणा इंग्लंडात नोकरीला होता. तो सुट्टीवर येताना तिथल्या दुकानांच्या सेलच्या टोपलीतून स्वस्तात मिळेल ते उचलून आणायचा. त्यात खजिना होता, हे मला पार्लर बंद झाल्यावर कळलं.

आता जुनी पोरं फोन करून विचारतात, "काका, घरी पीएस टू सापडलाय, काय खेळू?" प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी साल बघा

पीएस टू जपानात आला मार्च २००० मध्ये. पीएस थ्री आला नोव्हेंबर २००६ मध्ये. पण पीएस टूचं उत्पादन थांबलं ते थेट २०१३ च्या तोंडावर, आणि त्याचा शेवटचा गेम, 'प्रो इव्होल्यूशन सॉकर २०१४', युरोपात २०१३ च्या नोव्हेंबरात आला. म्हणजे धाकटा भाऊ घरात आल्यावरही थोरल्याने सात वर्षं संसार केला. आपल्याकडे तर नवा कन्सोल चाळीस हजारांच्या घरात होता, त्यामुळे पार्लरवाल्यांनी जुनाच धरून ठेवला.

या सात वर्षांत कचरा भरपूर निघाला. त्यातून निवडायला माझे दोन साधे नियम आहेत. नावात साल असलेला गेम बाजूला ठेवायचा, कारण तो बहुधा गेल्या वर्षीचाच माल असतो, फक्त खेळाडूंची नावं बदललेली. आणि एकाच वेळी चार-पाच कन्सोलवर आलेला गेमही सोडून द्यायचा. पीएस टूच्या वाट्याला त्यातली कापलेली, उरलीसुरली आवृत्ती येते. फक्त पीएस टूसाठीच बनवलेला गेम मात्र हातातून सोडू नका. यंत्राची नस न नस ओळखणारी माणसं, कमी खर्च, आणि मोठ्या साहेबांचं लक्ष नव्या कन्सोलकडे. अशा वेळी लोक मनासारखं काहीतरी करून बघतात.

चार नावं, माझ्या क्रमाने

पहिलं 'रॉ डेंजर'. जपानच्या आयरेम कंपनीचा, २००६ चा, युरोपात २००७ मध्ये आलेला. दिसायला गबाळा, माणसं लाकडी बाहुल्यांसारखी चालतात. पार्लरमध्ये एका पोराने दहा मिनिटांत रिमोट खाली ठेवला होता (कंट्रोलरला आम्ही रिमोट म्हणायचो). ख्रिसमसच्या दिवसांत सततच्या पावसाने एक शहर बुडायला लागतं आणि तुम्हाला त्यातून बाहेर पडायचंय. बंदूक नाही की राक्षस नाही. शत्रू एकच, गारठा. अंगावर पाणी पडलं की शरीराचं तापमान उतरायला लागतं. मग आडोसा शोधायचा, शेकोटी नाहीतर हीटर शोधायचा, अंग वाळवायचं आणि पुन्हा पाण्यात उतरायचं. काही तासांनी पात्र बदलतं आणि त्याच पुरातल्या दुसऱ्या माणसाची गोष्ट सुरू होते. पहिल्याने केलेल्या गोष्टींचे परिणाम दुसऱ्याच्या वाटेत येतात.

मी हा गेम नीट खेळलो ते २०१९ च्या ऑगस्टनंतर. त्या वेळी सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती आणि माझी बहीण गावभागातून बोटीने बाहेर आली होती. ती म्हणाली होती, "पाण्याची भीती नाही वाटली रे, ओल्या साडीत रात्रभर बसायची वाटली." गेममधली तापमानाची पट्टी बघताना मला तीच ओली साडी आठवत होती. ग्राफिक्सला नाव ठेवणाऱ्यांनी हे एकदा खेळून बघावं.

दुसरं 'गॉड हँड'. कॅपकॉमच्या क्लोव्हर स्टुडिओचा, शिंजी मिकामी यांच्या दिग्दर्शनाखाली झालेला. जपानात सप्टेंबर २००६ मध्ये आला आणि पुढच्याच महिन्यात स्टुडिओ मोडीत काढण्याची घोषणा झाली. अमेरिकेतल्या एका मोठ्या वेबसाइटने त्याला दहापैकी तीन गुण दिले होते. त्या समीक्षकाचं फार चुकलं असंही नाही, कारण पहिला तास हा गेम नुसता बडवून काढतो. युक्ती अशी की यात वार अडवायचं बटणच नाही. रिमोटवरची उजवी काडी पुढे ढकलली की वाकून चुकवायचं, डावी-उजवीकडे ढकलली की बाजूला सरकायचं, मागे ओढली की कोलांटी. पहिला अर्धा तास कुणाला मारूच नका, फक्त चुकवायला शिका. कोपऱ्यात एक लेव्हलची पट्टी दिसेल. तुम्ही मार न खाता हाणत राहिलात की ती चढते, शत्रू जास्त हुशार होतात आणि पैसेही जास्त देतात. फारच झालं तर शत्रूच्या पाया पडायची एक चाल आहे, ती वापरली की लेव्हल उतरते. लाज वाटून घेऊ नका. कॉम्बो तुम्हीच जुळवायचा असतो, कुठल्या ठोशानंतर कुठली लाथ ते मेनूत जाऊन ठरवायचं. माझा एक गिऱ्हाईक, गॅरेजमधला पोरगा, वहीत लिहून आणायचा.

तिसरं 'ओडिन स्फिअर', २००७. हाताने रंगवलेल्या चित्रांसारखा, सपाट. यात बी पेरायचं, मारलेल्या शत्रूंतून निघणारी ऊर्जा त्या रोपाला पाजायची आणि येणारं फळ खाऊन अंगात ताकद आणायची. एका बियाण्याला तर चक्क मेंढ्या फळासारख्या लागतात. गर्दी झाली की खेळ अडखळतो. तुमचं मशीन बिघडलेलं नाही, तो मुळातच तसा आहे.

चौथं 'पर्सोना ४', २००८. हे आता काही अनोळखी नाव राहिलेलं नाही, पण नवा कन्सोल दोन वर्षांचा झाल्यावर जुन्यावर आलेला सत्तर-ऐंशी तासांचा गेम म्हणून त्याचं कौतुक वाटतं. धुक्यातलं खेडेवजा गाव, शाळा, खून आणि टीव्हीच्या आतलं जग. वाचन पुष्कळ आहे. इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर नादी लागू नका.

भुताखेतांची आवड असेल तर 'फॉरबिडन सायरन २' सुद्धा बघा. तो अमेरिकेत आलाच नाही, युरोपात आला, आणि आपले कन्सोल युरोपसारखेच पाल पद्धतीचे (पाल ही टीव्हीच्या चित्राची पद्धत) असल्याने आपल्याकडे चालतो.

आपल्या मातीतले

पीएस टूच्या उतारवयातच भारतात पहिल्यांदा कन्सोलचे गेम बनले. 'हनुमान: बॉय वॉरियर' हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने २००९ मध्ये केला. हैदराबादच्याच गेमशास्त्रने त्याच वर्षी 'देसी अड्डा' आणला, त्यात कबड्डी, विटीदांडू, पतंगबाजी असले खेळ आहेत. मुंबईच्या ट्राइन गेम्सचं 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' २०१० चं. खरं सांगायचं तर 'हनुमान' खेळायला कंटाळवाणा आहे, कॅमेरा भलतीकडेच बघतो. गल्ली क्रिकेट मात्र पार्लरमध्ये चाललं. स्वस्तात दिसले तर घेऊन ठेवा. 'देसी अड्डा' दोघांनी मिळून एक दुपार काढायला पुरेसा आहे.

सीडी विकत घेताना

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हिंडलात तर अजून सीड्या मिळतात. डबीच्या कण्यावरचा आणि सीडीवरचा कोड बघा. एसएलईएस किंवा एससीईएस असेल तर पाल, म्हणजे आपल्या मशीनचा. एसएलयूएस अमेरिकेचा, एसएलपीएम जपानचा. ते आपल्या साध्या मशीनवर चालत नाहीत. चिप मारलेल्या, म्हणजे आत जादा चिप जोडून हे बंधन काढलेल्या, मशीनवर बहुधा चालतात.

खोटं कशाला बोलू, माझ्या पार्लरमध्ये निम्म्याहून जास्त सीड्या कॉपी होत्या. म्हणूनच सांगतो, कॉपी घेऊ नका. दोन थरांची सीडी एका थरात कोंबायला व्हिडिओ कापलेले असायचे. 'गॉड ऑफ वॉर २' ची गोष्ट काय आहे, हे माझ्या पोरांना कित्येक वर्षं माहीतच नव्हतं. मारामारी संपली की पडदा काळा आणि थेट पुढची मारामारी!

सीडी ट्यूबलाइटखाली तिरपी धरा. मधून कडेकडे जाणारे सरळ ओरखडे फारसे नडत नाहीत, गोलाकार ओरखडे नडतात. पुसतानाही त्यामुळेच मधून बाहेर, सरळ रेषेत, मऊ सुती फडक्याने पुसायचं. गोल गोल नाही. टूथपेस्ट लावायचा सल्ला देणाऱ्याला टूथपेस्ट दात घासायला द्या.

मशीन

बारक्या पीएस टूत दोन प्रकार बघायला मिळतात. ७० हजारांच्या मालिकेला (हा मॉडेलचा नंबर, किंमत नव्हे) बाहेर साडेआठ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. ९० हजारांच्या मालिकेत तो आतच असतो आणि टेपरेकॉर्डरची दोन पिनांची वायर चालते. घ्यायचाच असेल तर मी ९० हजार घ्या म्हणेन, कारण हरवलेल्या अडॅप्टरच्या जागी भलताच लावून जळालेली तीन मशीनं मी पाहिली आहेत.

सीडी वाचणारी लेन्स तपासायला 'गॉड ऑफ वॉर २' ची असली सीडी बरोबर न्या. ती दोन थरांची आहे. माझ्या अनुभवात लेन्स थकली की आधी अशीच सीडी अडते. विकणारा फुटबॉल लावून दाखवेल, त्यावर भुलू नका.

आजच्या टीव्हीला जोडताना

पिवळी-पांढरी-लाल वायर नव्या टीव्हीवर फिकट, ओघळलेलं चित्र देते. मागे खोचायचा छोटा एचडीएमआय अडॅप्टर मिळतो, तो चालतो. पण तो लावला आणि रंग विचित्र दिसले तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. आधी जुनी पिवळी वायर लावा, सीडी न घालता मशीन सुरू करा, सिस्टीम कॉन्फिगरेशनमध्ये जा आणि कम्पोनंट व्हिडिओ आउट 'आरजीबी' वरून दुसऱ्या पर्यायावर न्या. मग अडॅप्टर लावा.

दोन गोष्टी आणखी. टीव्हीत गेम मोड चालू करा, नाहीतर 'गॉड हँड' मध्ये तुम्ही वाकेपर्यंत ठोसा बसलेला असेल. आणि सुरुवातीला गेमने ५० की ६० हर्ट्झ विचारलं तर ६० निवडा. ५० वर काही गेम सहाव्या हिश्शाने हळू चालतात.

मशीन मिळतच नसेल तर कॉम्प्युटरवर पीसीएसएक्स टू नावाचा इम्युलेटर, म्हणजे पीएस टूचं सोंग घेणारा प्रोग्राम, आहे. स्वतःची सीडी डीव्हीडी ड्राइव्हमध्ये घालून तिची आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या सीडीची एका फाइलीत नक्कल, करायची, बायोस (मशीन सुरू करणारा आतला प्रोग्राम) आपल्याच मशीनमधून काढायचा. त्यातल्या झटपट सेव्हवर विसंबू नका, नवी आवृत्ती टाकली की तो उघडेलच असं नाही. गेममधला साधा सेव्ह करत जा.

मेमरी कार्ड

असली कार्ड ८ एमबीचं. ६४ किंवा १२८ लिहिलेली स्वस्त कार्डं मीही विकत घेतली आणि पस्तावलो. 'पर्सोना ४' खेळणारं माझ्याकडे एकच पोरगं होतं, रोज संध्याकाळी सात ते आठ. एकदा येऊन बसला तर कार्डात काहीच नाही, सगळं कोरं. रडला नाही. म्हणाला, "काका, फुटबॉल लावा." तेव्हापासून मोठा सेव्ह मी दोन कार्डांवर ठेवतो. दोन्ही खोबणीत कार्डं घाला, ब्राउझरमध्ये जाऊन सेव्ह निवडा आणि कॉपी म्हणा. अर्धं मिनिटही लागत नाही. चालू असताना कार्ड मात्र उपटू नका.