डेक बांधून घ्यायचाय? आधी घराच्या भिंतीकडे बघा

न्यू जर्सीत घर घेतलं की एक-दोन उन्हाळ्यांत डेकचा (घराला लागून फळ्यांच्या उघड्या ओट्याचा) विषय निघतोच, आणि तो निघाला की व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे एकच वाद घालतात: लाकूड की कॉम्पोझिट (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या फळ्या), आणि रंग कोणता. रंग अगदी शेवटी ठरवला तरी काही बिघडत नाही. स्वतःच्या घरांचे डेक झाले, मग मित्रमंडळींच्या डेकवर ‘जरा बघायला ये’ म्हणून बोलावणी येत गेली. त्यातून माझं मत पक्कं झालंय. डेक किती वर्षं टिकणार हे वरच्या फळ्या ठरवत नाहीत. तो घराला जिथे जोडलेला असतो, ती वीतभर जागा ठरवते. तिथपर्यंत पोचेपर्यंतची कामं भराभर उरकू.

घराच्या क्लोजिंगला, म्हणजे खरेदीच्या अंतिम सह्यांच्या वेळी, मिळालेला सर्व्हे (जमिनीचा मोजणी नकाशा) शोधून काढा. त्यावर हद्दी दिसतात आणि मागून ड्रेनेज ईझमेंट (पाणी वाहून नेण्यासाठी राखलेली पट्टी) जात असेल तर तीही. ईझमेंटवर डेक काढायचा विचार सोडून द्या. एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) असेल तर आधी त्यांची मंजुरी, मग टाउनशिपचं, म्हणजे स्थानिक पालिकेचं, झोनिंग (कुठे काय बांधता येतं याची मंजुरी), मग बांधकामाचं परमिट. हे सगळं जानेवारी-फेब्रुवारीत सुरू करा. एप्रिलमध्ये फोन करणाऱ्याला चांगला काँट्रॅक्टर ऑगस्टची तारीख देतो.

माप कागदावर ठरवू नका. अंगणात दोरी टाकून चौकोन आखा, आत टेबल-खुर्च्या मांडा, ग्रिल ठेवा आणि हातात ताट घेऊन खुर्च्यांमागून चालून बघा. 12 बाय 12 फूट ऐकायला ऐसपैस वाटतं. सहा माणसं टेबलाशी बसली की मागून जायला वाट उरत नाही.

काँट्रॅक्टर निवडताना गोड बोलण्यापेक्षा नंबर बघा. न्यू जर्सीत घरदुरुस्तीचं काम करणाऱ्याला राज्याकडे नोंदणी लागते आणि तो नंबर 13VH ने सुरू होतो. राज्याच्या ग्राहक विभागाच्या साइटवर तो तपासता येतो. विम्याचा दाखला थेट त्याच्या एजंटकडून मागवा. 500 डॉलरच्या वरच्या कामाचा करार लेखी असावा लागतो आणि सही केल्यावर कामाच्या तीन दिवसांत तो रद्द करता येतो. ‘परमिट तुमच्याच नावावर काढा, स्वस्त पडेल’ असं कोणी म्हणालं, तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या. परमिट तुमच्या नावावर म्हणजे काम चुकलं तर इन्स्पेक्टरला उत्तर तुम्ही द्यायचं.

आता ती वीतभर जागा. घराच्या भिंतीला एक आडवी फळी ठोकतात, तिला लेजर बोर्ड म्हणतात. डेकचे जॉइस्ट (फळ्यांखालची आडवी लाकडं) एका बाजूने या फळीवर आणि दुसऱ्या बाजूने खांबांवरच्या तुळईवर बसतात, म्हणजे जवळजवळ निम्मा भार घराच्या भिंतीवर येतो. डेक कोसळतात तेव्हा बहुतेकदा हीच फळी भिंतीपासून सुटलेली असते, आणि सुटते ती दोन कारणांनी: खिळे आणि पाणी.

खिळा खाली सरकण्याला अडवतो, बाहेर ओढलं जाण्याला अडवत नाही. गणपतीत आरतीला सगळी मंडळी डेकवर उभी राहतात, टाळ्यांवर डुलतात, तेव्हा डेक घरापासून दूर ओढला जातो आणि खिळा लाकडातून सुळकन बाहेर येतो. म्हणून लेजरला अर्ध्या इंचाचे लॅग स्क्रू (जाड, मजबूत स्क्रू) किंवा आरपार बोल्ट, वॉशरसकट, वर-खाली तिरक्या क्रमाने हवेत; किंवा त्याच कामासाठी मान्यता असलेले स्ट्रक्चरल स्क्रू. जॉइस्ट जितके लांब, तितके बोल्ट जवळजवळ. त्याचा तक्ता कोडमध्येच, म्हणजे बांधकामाच्या नियमावलीतच, आहे. शिवाय डेक बाहेर ओढला जाऊ नये म्हणून घराच्या आतल्या जॉइस्टपर्यंत पकडणारे लोखंडी टेन्शन कनेक्टर लागतात: 1,500 पौंडांचे किमान दोन, किंवा 750 पौंडांचे चार. कोड डेकवर चौरस फुटाला 40 पौंड भार धरतो. नीट जोडलेला डेक आरतीची गर्दी आरामात पेलतो. हॉट टब मनात असेल तर मात्र आधीच सांगा, पाण्याने भरलेला टब त्या हिशेबात बसत नाही.

पाण्याचं दुखणं जास्त वाईट, कारण ते दिसत नाही. एका मित्राकडे जुना डेक उतरवताना मी हजर होतो. वरून सगळं ठाकठीक, फळ्यांना नुकतं पॉलिश केलेलं. लेजर काढला आणि मागच्या रिम बोर्डला (घराच्या मजल्याच्या काठाच्या फळीला) स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं झालं होतं. लेजर सरळ साइडिंगवर (भिंतीच्या बाहेरच्या आच्छादनावर) ठोकला होता, मागे पत्रा नाही, काही नाही. वर्षानुवर्षं पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी त्या फटीत मुरत राहिलं. डेकपेक्षा घराची भिंत दुरुस्त करायला जास्त पैसे गेले.

म्हणून करारात हे शब्द लिहून घ्या: लेजरच्या जागेवरची साइडिंग काढणार, मागे चिकटणारी जलरोधक पट्टी लावणार, लेजरच्या डोक्यावरून झेड आकाराचं फ्लॅशिंग (पाणी बाहेर वळवणारी पट्टी) येणार आणि त्याचा वरचा काठ घराच्या जलरोधक आवरणाच्या आत खोचला जाणार. आवरणाच्या बाहेरून चिकटवलेलं फ्लॅशिंग म्हणजे पाण्याला दिलेलं आमंत्रण. ‘आम्ही कॉकिंग मारतो ना’ हे उत्तर अजिबात ऐकून घेऊ नका; कॉकिंग (फटीत भरायचा चिकट मसाला) काही वर्षांत तडकतं. फ्लॅशिंग कशाचं तेही विचारा. 2003 संपल्यापासून आर्सेनिकवालं प्रेशर ट्रीटेड (कुजू नये म्हणून रसायन मुरवलेलं) लाकूड घरगुती कामातून गेलं. त्याच्या जागी आलेल्या लाकडात तांबं भरपूर असतं, आणि साधं ॲल्युमिनियम त्याला टेकलं की ते तांबं ॲल्युमिनियमला खाऊन टाकतं. व्हिनाइल किंवा स्टेनलेस घ्या. बोल्ट हॉट-डिप गॅल्वनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेले) किंवा स्टेनलेस, दुसरे नकोत.

भिंतीवर विटांचा किंवा दगडाचा मुलामा असेल तर लेजर त्यावर लावायचाच नाही. कोडला ते मान्य नाही, कारण ती वीट शोभेची असते, वजन पेलायची नसते. बाहेर झुकलेल्या बे विंडोखालची जागाही तशीच. अशा ठिकाणी घराशेजारी आणखी एक खांबांची रांग घेऊन डेक स्वतःच्या पायांवर उभा करायचा. खर्च थोडा वाढतो, पण घराला भोक पडत नाही. शंका असली की मी हाच मार्ग सांगतो. घरातून सपाट पाऊल बाहेर पडावं हा हट्टही सोडा. डेक दाराच्या उंबऱ्यापेक्षा खाली ठेवा, नाहीतर फेब्रुवारीत बर्फ दाराला टेकून वितळतो.

पाया न्यू जर्सीत साधारण 36 इंच खोल जातो, मिनेसोटात 42 ते 60. तुमच्या टाउनशिपला विचारा. खणण्याआधी 811 ला (जमिनीखालच्या नळ्या-तारांच्या खुणा करून देणाऱ्या सेवेला) किमान तीन कामाचे दिवस आधी फोन, फुकट असतो. ते लोक जमिनीवर रंग मारून जातात, पिवळा गॅसचा, लाल विजेचा. तुमच्या स्प्रिंक्लरची नळी मात्र ते दाखवत नाहीत, ती तुम्हीच दाखवा.

फळ्यांबद्दल एकच. आपण घरातून अनवाणी बाहेर जाणारी माणसं, आणि गडद कॉम्पोझिट जुलैच्या दुपारी तळपाय भाजतं. फिकट रंग घ्या. नमुन्याचे तुकडे उन्हात ठेवून दुपारी दोनला हात लावून बघा. जमिनीपासून 30 इंचांपेक्षा उंच डेकला किमान 36 इंच कठडा लागतो, आणि गजांमधून 4 इंचांचा चेंडू जाता कामा नये.

पैसे टप्प्याने द्या: सहीला थोडे, सामान आल्यावर काही, फ्रेमिंगचं (डेकच्या सांगाड्याचं) इन्स्पेक्शन पास झाल्यावर काही, उरलेले शेवटी. खड्ड्यांचं इन्स्पेक्शन काँक्रीट ओतण्याआधी आणि फ्रेमिंगचं फळ्या बसण्याआधी होतं. त्या दोन्ही दिवशी घरी थांबा आणि लेजरचे, फ्लॅशिंगचे, बोल्टचे फोटो काढून ठेवा, फळ्या बसल्या की ते पुन्हा दिसत नाही. न्यू जर्सीच्या नियमाप्रमाणे इन्स्पेक्शनचे दाखले तुमच्या हातात आल्यानंतरच शेवटचा हप्ता देय होतो. काँट्रॅक्टर ‘दाखला पोस्टाने येईल, चेक आज द्या’ म्हणाला तर त्याला सांगा, दाखला आला की चेकही तयार आहे.