होडीला बॅटरीवरची मोटार: परतीचा वारा धरून निवड आणि जोडणी

मामांच्या होडीला मोटार बसवल्यापासून दुकानात येणारा जो तो आधी विचारतो, "किती एचपीची आहे?" या मोटारींवर एचपी लिहिलेला नसतो. तिचा रेटा पौंडात मोजतात: ३०, ४०, ५५. आणि किती पौंडाची घ्यायची हे दुकानात ठरत नाही, वजनकाट्यावर ठरतं.

माझं मुक्ताईनगरला हायवेलगत ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. ट्रकचे सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटार), डायनॅमो, वायरिंग हे रोजचं काम. मामा चांगदेवकडे तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यात जाळी टाकतात. त्यांचा उजवा खांदा धरला, वल्हं मारवेना, म्हणून त्यांनी मला विचारलं. पेट्रोलचं इंजिन त्यांना नको होतं. त्याच्या आवाजानं मासा पांगतो आणि हिवाळ्यात चक्रवाक उतरतात त्या उथळ पाण्यातून ते धडधडत न्यायचं त्यांच्या जिवावर येतं. मग ट्रोलिंग मोटार पाहिली: खाली पाण्यात मोटार आणि पंखा, मधे दांडा, वर मूठ. मला ती परकी वाटली नाही. १९३४ साली अमेरिकेतल्या फार्गो गावी ओ. जी. श्मिट या माणसानं फोर्ड मॉडेल ए गाडीचा सेल्फ काढून त्याला दांडा आणि पंखा जोडला होता. त्यातून मिन कोटा कंपनी उभी राहिली. नाव मिनेसोटा आणि डाकोटा या राज्यांवरून. सेल्फ उघडण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे हे वाचून मला फार बरं वाटलं.

आधी वजन करा. आम्ही मामांची १४ फुटी फायबरची होडी केळी तोलायच्या काट्यावर चढवली: १४५ किलो. तीन माणसं २०५, जाळी, बर्फाचा खोका आणि मासे ७०, बॅटरी ५५. एकूण ४७५ किलो. ढोबळ हिशेब असा की भरलेल्या होडीच्या दर ४५ किलोला निदान २ पौंड रेटा लागतो. म्हणजे आम्हाला २१ पौंड. त्यावर थोडं जास्त म्हणून आम्ही ३० पौंडाची घेतली आणि दुकानात पडून असलेली ट्रकची बॅटरी जोडली.

मे महिन्यात सकाळी निघालो. वारा पाठीशी होता, पूर्वेला पूर्णेच्या पात्रात मजेत गेलो. दुपारी परतताना पश्चिमेचा वारा थेट तोंडावर आला. मूठ पूर्ण पिळली तरी काठावरची बाभूळ हलेना, म्हणजे आम्हीच हलेनात. तासाभरात बॅटरी बसली. डोक्यावर भुसावळ पट्ट्यातलं मे महिन्याचं ऊन, आणि मामांनी दुखऱ्या खांद्यानं वल्हं मारलं. "भाचेबुवा, जायला लागते तेवढीच ताकद आणली तुम्ही," एवढंच ते म्हणाले. ते वाक्य मला लागलं आणि पुढची सगळी निवड त्यावरूनच केली.

म्हणून २१ हा आकडा शांत पाण्याचा समजा. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारनंतर वारा उठतोच, तेव्हा दुप्पट धरा. आम्ही ५५ पौंडाची घेतली. १२ व्होल्टच्या एका बॅटरीवर साधारण तेवढ्यापर्यंतच मिळते. त्याहून मोठीला २४ व्होल्ट म्हणजे दोन बॅटऱ्या लागतात, आणि एवढ्या होडीला दुसऱ्या बॅटरीचं ओझं परवडत नाही. मात्र जास्त पौंड म्हणजे जास्त वेग नव्हे. होडी माणसाच्या भरभर चालीनंच जाणार, फक्त वाऱ्यात ती अडणार नाही.

पाच गिअरची आणि सलग वेग बदलणारी अशा दोन जाती मिळतात. गिअरवाल्या स्वस्त मोटारीत वेग कमी करायला कॉइल घातलेली असते आणि उरलेली वीज त्या कॉइलमध्ये तापून वाया जाते. सलगवालीत इलेक्ट्रॉनिक सर्किट वीज तुकड्यातुकड्यांनी सोडतं, हळू चालवताना बॅटरी बरीच वाचते. जाळ्याच्या कडेनं तासन्‌तास हळू फिरायचं असतं, म्हणून थोडे पैसे जास्त गेले तरी दुसरीच घ्या.

दांड्याची लांबी मापूनच घ्या. माणसं आणि सामान भरून होडी पाण्यात उभी करा आणि मागच्या फळीच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंत अंतर मोजा. पंख्याचा मधला भाग पाण्याखाली फूटभर राहिला पाहिजे, म्हणजे पात्याचं टोक वर येऊन हवा ओढत नाही. आमचं अंतर १४ इंच निघालं. ३० इंची दांडा चालला असता, पण मूठ हाताशी यावी म्हणून ३६ इंची घेतला. होडीचा मागचा भाग निमुळता असेल तर आधी आडवी जाड फळी बोल्टनं पक्की करा.

बॅटरीकडे नीट लक्ष द्या. ट्रकची बॅटरी सेल्फला दोन-चार सेकंद मोठा करंट द्यायला बनलेली असते. तिला तासन्‌तास उपसलं की ती मरते. इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची (हे वीज साठवण्याचं माप) ट्युब्युलर बॅटरी चालते, पण तिच्यातली निम्मीच वीज वापरायची. थोडा वेळ शांत ठेवून व्होल्टेज १२.१ दिसलं की ती अर्ध्यावर आली असं समजा. शिवाय डब्यावरचा आकडा २० तासांत हळूहळू उपसण्याचा असतो, ५० अँपिअरनं ओढलं तर तेवढी मिळतच नाही. मी वायरीभोवती धरून करंट मोजायचा डीसी क्लॅम्प मीटर लावून पाहिलं: अर्ध्या मुठीवर आमची मोटार १७ अँपिअर घेते, पूर्ण मुठीवर ५०. म्हणजे ट्युब्युलरवर हळू चार तास, आणि जोरात धड दीड तासही नाही. पुढे आम्ही १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली. १२-१३ किलोची बॅटरी मामा एका हातानं उचलतात आणि होडीचं चाळीसेक किलो ओझं उतरलं. किंमत जास्त आहे, पण खांदा दुखणाऱ्या माणसाला ५५ किलोचं धूड रोज काठावर चढवायला लावू नका. उन्हातून आणलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही, सावलीत गार होऊ द्या. चार्जर लिथियमचाच हवा.

आता वायर. जुन्या घरातली ४ चौरस मिलिमीटरची वायर लावलेली मी पाहिली आहे. बॅटरी होडीच्या मधे, मोटार मागे, येऊन-जाऊन ६ मीटर धरा. ५० अँपिअरला त्या वायरीत सव्वा व्होल्टहून जास्त जळतो, १० चौरस मिलिमीटरमध्ये अर्धा, १६ मध्ये जेमतेम एक तृतीयांश. बारा व्होल्टमध्ये सव्वा व्होल्ट म्हणजे वाऱ्यात लागणारी ताकदच गेली. तेव्हा १६ची, बारीक तारांची तांब्याची वायर घ्या. टोकाला तांब्याचे थिम्बल दाबयंत्रानं दाबा, पक्कडीनं चेपू नका. वर स्लीव्ह गरम करून बसवा आणि टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावा.

पॉझिटिव्ह वायरवर, बॅटरीपासून वीतभराच्या आत, ६० अँपिअरचा डीसी ब्रेकर, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप तोडणारा स्विच, हवाच. घरातला एसी ब्रेकर (एमसीबी) इथे चालत नाही, बॅटरीची वीज डीसी असते. एसी करंट सेकंदात शंभर वेळा शून्याला येतो म्हणून ठिणगी विझते. डीसीत ती जळतच राहते आणि ब्रेकर वितळतो. पंखा जाळ्यात अडकला तर करंट एकदम चढतो, तेव्हा मोटार आणि माणसं याच ब्रेकरमुळे वाचतात. लाल-काळी उलटी जोडली तर सर्किट क्षणात जातं. म्हणून ब्रेकर बंद ठेवून जोडा आणि मीटरनं तपासूनच चालू करा.

मोटार आणि चालवणारा दोघं मागे, तेव्हा बॅटरी मधे किंवा किंचित पुढे, अगदी तळाला ठेवा आणि झाकणाच्या डब्यात पट्ट्यानं आवळा. ॲसिडची बॅटरी असेल तर झाकणाला भोकं ठेवा, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. फायबरच्या फळीला दोन्ही बाजूंनी प्लायवूडचे तुकडे लावून मगच क्लॅम्प आवळा. मोटारीला एक वेगळी दोरी बांधून ती होडीच्या कडीत अडकवा. क्लॅम्प ढिला झाला तर मोटार तापीच्या तळाशी जायला नको.

पहिल्या दिवशी काठाजवळच चालवा. वल्हं होडीत राहू द्या, जॅकेट अंगात. सकाळी आधी वाऱ्याच्या तोंडावर जा म्हणजे परतताना तो पाठीशी राहतो. बॅटरी अर्ध्याच्या आधी परत फिरा. पावसाळ्यात हतनूरचे ४१ दरवाजे उघडायला लागले की होडी काठावरच. त्या ओढीपुढे ५५ पौंड काहीच नाहीत. होडी नवी असेल तर मच्छीमार सोसायटीत आणि धरणाच्या ऑफिसात आधी विचारून घ्या.

उन्हाळ्याच्या शेवटी पाणी उतरतं आणि बुडालेल्या बाभळींची खोडं वर येतात. पंख्याची पिन मुद्दाम मऊ असते, खोडाला धडकलं की ती तुटते आणि मोटार वाचते. दोन जादा पिना आणि पाना डब्यात ठेवा. आणि चार-पाच फेऱ्यांनंतर पंखा काढून त्याच्या मागचा फिरता दांडा बघाच. मागच्या आठवड्यात मामांच्या पंख्यामागे जाळ्याच्या नायलॉनचे तीन वेढे निघाले. अजून आठ दिवस राहिले असते तर सील कापून पाणी आत गेलं असतं. आता दर रविवारी मामेभाऊ पंखा उघडतो, आणि मामा त्याच्या शेजारी बसून पिन हातात धरून ठेवतात.